सिस्टरांचा नंबर

पुण्याच्या उपनगरातल्या एका शाळेत वैद्यकीय कक्ष तळमजल्यावर आहे, जिन्याला लागून. दोन खाटा, वजनकाटा, औषधांचं कुलूपबंद कपाट, बर्फाच्या पिशव्यांसाठी छोटा फ्रिज आणि टेबलावर लांबट नोंदवही. वहीत रकाने आखलेले: वेळ, इयत्ता, तक्रार, ताप, काय केलं, मूल वर्गात गेलं की घरी, पालकांपैकी कोणाशी बोलणं झालं. वहीशेजारी शाळेचा मोबाइल. शाळेच्या परिचारिकेचा, म्हणजे सिस्टरांचा, स्वतःचा फोन पर्समध्ये, आवाज बंद करून ठेवलेला. हे दोन फोन वेगळे ठेवायला त्यांना बरीच खटपट करावी लागली. कक्षाचं काम कसं चालतं हे पाहायला मी त्यांच्या परवानगीने तिथे बसत असे.

शाळा भरल्यापासून मुलं येत राहतात. पटांगणावर गुडघा फुटलेला, उपाशीपोटी आल्यामुळे पोट दुखणारी, गणिताच्या चाचणीच्या दिवशी हमखास डोकं धरून येणारा. बहुतेकांना पाणी, थोडा वेळ आडवं होणं आणि कोणीतरी नीट विचारणं एवढं पुरतं. घरी फोन करायची वेळ आली की मात्र सिस्टरांचं बोलणं ठरलेल्या क्रमाने होतं. "शाळेतून सिस्टर बोलतेय. मुलगा ठीक आहे, माझ्यासमोर बसलाय, बोलतोय." हे सगळ्यात आधी, कारण शाळेचा नंबर दिसला की आईच्या पोटात गोळा येतो. मग ताप किती, कधी मोजला, काय केलं. शेवटी, "तुम्ही आता घ्यायला या," किंवा "यायची गरज नाही, मी तासाभराने परत तपासते." फोन ठेवला की लगेच वहीत नोंद.

पूर्वी हे सगळं त्यांच्या खासगी नंबरवर चालायचं. एका सहलीच्या वेळी सोय म्हणून नंबर दिला गेला आणि वर्गांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून सगळ्या शाळेत पसरला. उजाडायच्या आत निरोप: "रात्री ताप होता, पॅरासिटामॉल देऊन पाठवतेय, लक्ष ठेवा." रात्री अकराला अंगावरच्या पुरळाचा फोटो. रविवारी, "सिस्टर, हे सिरप चालेल का?" उत्तराला उशीर झाला तर, "तुम्ही ऑनलाइन दिसत होतात."

या पालकांवर रागावून उपयोग नाही. दोघं नोकरीला, आजी-आजोबा गावी, दवाखान्यात तासभर रांग, आणि आपल्या मुलाला रोज पाहणारी, औषधातलं कळणारी एकच व्यक्ती ओळखीची. फोन तिलाच जाणार. सिस्टरही सुरुवातीला प्रत्येकाला उत्तर देत, आणि त्यांच्या घरचे जेवायचे थांबत.

नियम करावा लागला तो वेगळ्याच कारणाने. एका मुलीला टाइप वन मधुमेह होता. डॉक्टरांनी सकाळचा इन्सुलिनचा डोस वाढवला, आणि आईने रात्रीच सिस्टरांना निरोप पाठवला: उद्या मधल्या सुट्टीआधी शुगर तपासा. सिस्टर रजेवर होत्या, गावी लग्नाला. तिथे रेंज नव्हती. बदलीवर आलेल्या परिचारिकेला यातलं काहीच माहीत नव्हतं. मुलीला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, तेव्हा वर्गशिक्षिकेने तिला खाली आणलं. ग्लुकोमीटरवर आकडा ५८. सत्तरच्या खाली आला की थांबायचं नसतं. ग्लुकोज दिलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, मुलगी सावरली. आईने कळवलं होतं, पण ते शाळेपर्यंत पोचलंच नव्हतं. रजेवर असलेल्या माणसाच्या फोनमध्ये ते पडून होतं.

तेव्हापासून दर जूनमध्ये पालकसभेत एक पानी पत्रक वाटलं जातं. मुलाच्या तब्येतीचा निरोप कक्षाच्या फोनवर किंवा दैनंदिनीत द्यायचा. हा फोन शाळेच्या वेळेतच सुरू असतो. बाकी वेळी आपले डॉक्टर, आणि जिवावरचं असेल तर १०८. औषध शाळेत द्यायचं असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी, पालकांची सही आणि मूळ वेष्टन हवं. दमा, मधुमेह, फिट येणं असं काही असलेल्या मुलांसाठी डॉक्टरांच्या सहीची लेखी योजना कपाटाच्या दाराला आतून लावलेली असते: कोणती लक्षणं, कोणतं औषध, कोणाला फोन. सिस्टर असोत वा नसोत, कपाट उघडणाऱ्याला ती दिसते.

नियम छापणं सोपं, पाळून घेणं अवघड. अजूनही कोणी खासगी नंबरवर लिहितं. सिस्टर सकाळी शाळेच्या फोनवरून त्या आईला फोन करतात: "ताई, तुमचा निरोप महत्त्वाचा आहे, म्हणूनच तो इथे हवा. इथे आला की वहीत चढतो, मी नसले तरी दुसरं कोणी वाचतं." मी ऐकलेल्या एकाही संभाषणात आवाज चढला नाही, आणि एकातही सिस्टर नियमावरून मागे सरकल्या नाहीत. फोटो आला तर त्या निदान सांगत नाहीत. डॉक्टरांना दाखवा म्हणतात आणि फोटो फोनमधून काढून टाकतात. कोणाच्या तरी लेकराच्या अंगाचा फोटो त्यांच्या घरच्या फोनमध्ये असायचं कारण नाही.

आणखी एक बाजू मला तिथेच समजली. काही मुलांचे आईवडील वेगळे राहतात. मूल एकाच्या ताब्यात असतं आणि दुसरा सिस्टरांच्या खासगी फोनवर खोदून खोदून चौकशी करतो. काय सांगायचं आणि कोणाला, हे एका परिचारिकेने रात्री घरी बसून ठरवायचं नसतं. प्रवेश अर्जावर जे नंबर आहेत त्यांवरच शाळेतून फोन जातो; बाकीच्यांना मुख्याध्यापकांकडे पाठवलं जातं.

घराशी संबंध ठेवणं हे या कामाच्या मुळातच आहे. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळांत लीना रॉजर्स ही परिचारिका नेमली गेली, कारण खरूज, डोळे येणं अशा आजारांची मुलं घरी पाठवली जात आणि उपचाराविना घरीच राहत. ती त्यांच्या घरी जाऊन आईला औषध कसं लावायचं ते दाखवी. ते तिचं नेमून दिलेलं काम होतं. आज तेच काम परिचारिकेच्या झोपेच्या वेळेत, तिच्या खर्चाच्या फोनवर, कसल्याही नोंदीशिवाय करून घेतलं जातं. कामाच्या वेळेनंतर फोन न घेण्याचा हक्क मिळावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.

आपल्याकडच्या बहुतेक सरकारी शाळांत परिचारिकाच नसते. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा मुलं तपासून जातं. उरलेले दिवस पालक शिक्षकांना आणि आशाताईंना फोन करतात, त्यांच्याच खासगी नंबरवर. तिथेही हाच प्रश्न आहे, फक्त उत्तर शोधायला कोणी बसलेलं नाही.

म्हणून शाळांना सांगणं आहे: वैद्यकीय कक्षाला स्वतंत्र फोन द्या, रजेच्या दिवशी तो कोण उचलेल ते लिहून ठेवा, आणि परिचारिकेचा खासगी नंबर कुठल्याही गटात टाकू नका. पालकांनी आपल्या फोनमध्ये कक्षाचा नंबर आजच साठवावा, आणि सिस्टरांचा असेल तर तो काढून टाकावा. मुलाची काळजी असेल तर निरोप वहीत पोचला पाहिजे.