पित्ताची गोळी : कधी, कशाला आणि कुठवर?

घटस्थापना झाली की तुळजापूर गजबजते आणि धाराशिव जिल्ह्यात घरोघरी उपवास सुरू होतात. कुणी नऊ दिवस धरतात, कुणी उठता-बसता. दिवसभर चहावर काढायचे आणि रात्री भगर, शेंगदाण्याची आमटी. चौथ्या माळेपर्यंत छातीत जळजळू लागते, आंबट ढेकर येतात आणि घरातली पित्ताची गोळी बाहेर निघते. ती सकाळी उठल्या उठल्या घेतली आणि खाणे थेट रात्रीच झाले, तर गोळीचा बराचसा गुण वाया जातो. पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल ही नावे बहुतेकांना तोंडपाठ असतात, पण त्यांची वेळ फार थोडे जण पाळतात.

जठराच्या अस्तरात आम्ल तयार करणाऱ्या पेशी असतात. त्यांच्यातले सूक्ष्म पंप हायड्रोजनचे आयन जठरात ढकलतात. जेवण आले की हे पंप मोठ्या संख्येने कामाला लागतात, उपाशीपोटी बरेचसे निजलेले असतात. गोळीतले औषध चालू पंपालाच चिकटून त्याला बंद पाडते. गंमत अशी, की हे औषध जठरातल्या आम्लात टिकत नाही. म्हणून गोळीवर वेगळे आवरण असते. ती आतड्यात विरघळते, औषध रक्तात उतरते आणि रक्तातून त्या पेशींपर्यंत पोहोचते. तिथल्या तीव्र आम्लातच ते सक्रिय होते. रक्तात मात्र त्याचा मुक्काम जेमतेम काही तासांचा. त्या वेळात पंप चालू असायला हवेत, म्हणून जेवणाआधी अर्धा ते एक तास हा नियम. गोळी चावायची किंवा कुटायची नाही, हेही त्या आवरणामुळेच.

उपवासात जेवण एकदाच असेल, तर गोळीची वेळ त्यानुसार बदलायची का, हे घट बसण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. पहिल्याच गोळीने पूर्ण आराम पडेल अशी अपेक्षाही नको. सगळे पंप एकदम सापडत नाहीत. पुरता परिणाम दिसायला दोन-चार दिवस लागतात. म्हणून जळजळ उठल्यावर घाईने घ्यायची ही गोळी नव्हे.

स्ट्रिपवर ‘डीएसआर’ लिहिलेली कॅप्सूल आपल्याकडे सर्रास खपते. तिच्यात आम्ल कमी करणाऱ्या औषधाबरोबर डॉमपेरिडॉनही असते. हे मळमळ थांबवणारे औषध काहींच्या हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकते. युरोपच्या औषध नियामकाने २०१४ साली त्याचा वापर साधारण आठवड्याभरापुरता मर्यादित केला. तीच कॅप्सूल महिनोन्‌महिने चहाआधी घेणारे आपल्या ओळखीत सहज सापडतील. नुसत्या जळजळीसाठी दुसऱ्या औषधाची गरज आहे का, हे विचारायला लाजू नये.

आता कुठवर, हा प्रश्न. छातीतल्या जळजळीसाठी साधारणपणे चार ते आठ आठवडे औषध देतात. त्यानंतर गोळी बंद केली की काहींना दुप्पट त्रास होतो आणि ‘आता गोळीशिवाय जमणार नाही’ असे ते ठरवून टाकतात. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे पाहण्याजोगा आहे. पित्ताचा काहीही त्रास नसलेल्या १२० जणांपैकी काहींना आठ आठवडे खरी गोळी दिली, उरलेल्यांना सुरुवातीपासून औषध नसलेली. खरी गोळी बंद झाल्यानंतरच्या आठवड्यांत ती घेणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांना आम्लपित्ताची लक्षणे जाणवली, दुसऱ्या गटात १५ टक्क्यांना. आम्ल दबले की शरीर गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढवते. गोळी थांबली की तेच गॅस्ट्रिन जोरात आम्ल तयार करवते. हा उसळलेला त्रास सहसा काही आठवड्यांत निवतो. दीर्घकाळ गोळी घेतलेल्यांना डॉक्टर मात्रा हळूहळू कमी करून देतात, ते यासाठीच.

वर्षानुवर्षे घेतल्यास काहींमध्ये बी-१२ आणि मॅग्नेशियम घटते. मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचा धोका क्वचित असतो. तो माहितीपत्रकात छापण्याची सूचना भारताच्या औषध महानियंत्रकांनी २०१९ साली केली. क्लोपिडोग्रेल घेणाऱ्या हृदयरुग्णांनी ओमेप्रॅझोल परस्पर सुरू करू नये, कारण त्याने क्लोपिडोग्रेलचा परिणाम घटतो. थायरॉइड किंवा लोहाच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगावे.

म्हणून हे औषध वाईट ठरत नाही. १९८८ साली ओमेप्रॅझोल बाजारात आले आणि अल्सरच्या उपचाराचे चित्रच बदलले. अल्सरमधून रक्तस्राव झालेल्यांनी, किंवा सांध्यांसाठी रोज वेदनाशामक घ्यावे लागणाऱ्या वृद्धांनी, लेख वाचून गोळी सोडू नये. त्यांचे ती ढालीसारखे रक्षण करते. मात्र कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरपर्यंत चालत येताना पाय ठणकतात म्हणून उपाशीपोटी डायक्लोफिनॅक घ्यायचे आणि वर पित्ताची गोळी टाकली म्हणून निर्धास्त राहायचे, हा हिशेब चुकीचा. वेदनाशामकाने अस्तर दुखावते ते केवळ आम्लामुळे नव्हे. शिवाय अल्सरमागे हेलिकोबॅक्टर हा जंतू असेल (या शोधासाठी मार्शल आणि वॉरन यांना २००५ चे नोबेल मिळाले), तर अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स लागतो. नुसती गोळी त्याला मारत नाही.

काही वेळा गोळी हाताशी असूनही तिकडे वळू नये. शौच डांबरासारखे काळे होणे, उलटीत रक्त, गिळताना अडकणे, वजन झपाट्याने उतरणे यांना तपासणी हवी. छातीतली कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, दरदरून घाम फुटत असेल, तर ‘गॅस असेल’ म्हणत वाट पाहू नये; १०८ ला फोन करावा. हृदयविकाराच्या झटक्याला पित्त समजून घालवलेला तास परत मिळत नाही.

एरवी चिठ्ठी हातात पडली की तीन प्रश्न तिथेच विचारून घ्यावेत : ही गोळी कशासाठी, जेवणाआधी किती वेळ आणि बंद कधी करायची? तिसऱ्याचे उत्तर चिठ्ठीवर लिहूनच घ्यावे. मेडिकलवाला जुनी स्ट्रिप पाहून पुढची देतो, तेव्हा हा प्रश्न कुणीच विचारत नाही.