फवारणीच्या आधी पान उलटून पाहा

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

अजिंठ्याची लेणी पाहायला जगभरातून माणसं येतात, पण ही लेणी सोयगाव तालुक्यात आहेत हे जिल्ह्यातल्याही अनेकांना ठाऊक नसतं. घाट उतरून फर्दापूरला आलं की हा तालुका सुरू होतो. जिल्हा छत्रपती संभाजीनगर, म्हणजे मराठवाड्याचा. शेजार मात्र खानदेशाचा. इथली मोठी पिकं म्हणजे कपाशी आणि मका. बियाणं आणि खत घेऊन झालं की शेतकऱ्याचा हात पुन्हा पुन्हा खिशात जातो तो फवारणीसाठी.

पेरणी होऊन महिना-दीड महिना झाला की कपाशीची कोवळी पानं कोकडायला लागतात. पानाच्या मागे मावा दिसतो, पानावर चिकटा पडतो, पुढे त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते. शेतकरी दुकानात जाऊन सांगतो, "मावा पडलाय, काहीतरी द्या." दुकानदार काहीतरी देतो. संध्याकाळपर्यंत पंप भरलेला असतो. मला आज बोलायचं आहे ते दुकानात जाण्याच्या आधीच्या पंधरा मिनिटांबद्दल. त्या पंधरा मिनिटांत पानं उलटून पाहिली तर काय दिसतं?

मावा तर दिसतोच. पण त्याच पानावर अनेकदा एक राखाडी-काळा, अंगावर नारिंगी ठिपके असलेला, सुसरीच्या पिल्लासारखा लांबट किडा फिरताना दिसतो. दिसायला तो अगदी दुष्ट. "माव्याबरोबर ही नवीनच कीड आली" असं म्हणून शेतकरी जास्तच जोरात फवारा मारतो. हा किडा म्हणजे ढालकिड्याचं, म्हणजे लेडीबर्ड बीटलचं पिल्लू. लाल-नारिंगी पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा, अर्ध्या वाटाण्याएवढा ढालकिडा सगळ्यांना आवडतो. मुलं तळहातावर घेऊन खेळतात. त्याचं पिल्लू मात्र कोणी ओळखत नाही. मोठा ढालकिडा दिवसाला चाळीस-पन्नास मावा सहज फस्त करतो आणि वाढतं पिल्लूही त्याच्या फारसं मागे राहत नाही. पानाखाली उभी रचून ठेवल्यासारखी पिवळी अंडी पुंजक्याने दिसली तर ती त्याचीच. ती पुसून टाकू नयेत.

दुसरा प्रकार क्रायसोपाचा. हिरव्या रंगाचा, पारदर्शक जाळीदार पंखांचा हा नाजूक कीटक रात्री दिव्यावर येतो. त्याचं अंडं ओळखायला सोपं. केसासारख्या बारीक देठाच्या टोकावर एकेक अंडं उभं असतं. असं का? अंड्यातून बाहेर पडणारी अळी इतकी भुकेली असते की शेजारचं भावंडही खाते. देठावर ठेवलेलं अंडं तिच्या तोंडापासून वाचतं. प्रयोगशाळेत या अळ्या वाढवताना प्रत्येकीला वेगळी खोली द्यावी लागते ती यामुळेच. विळ्यासारखे दोन जबडे माव्याच्या अंगात रुतवून ती त्याचा रस शोषून घेते. क्रायसोपाचा जो प्रकार आपल्याकडे प्रयोगशाळांत वाढवतात, त्याचा मोठा झालेला पतंग मात्र सात्त्विक असतो. तो मध, पराग आणि चिकटा यांवर जगतो. म्हणून बांधावर काही ना काही फुललेलं असलं तर तो शेतात टिकतो.

याशिवाय हवेत एकाच जागी तरंगणारी सिरफिड माशी आहे, तिची अळी मावा खाते. आपण ज्याला खंडोबाचा घोडा म्हणतो तो प्रार्थना कीटक आहे. घराच्या भिंतीवर मातीचे बुधले बांधणारी कुंभारीण आहे. ती ते बुधले बेशुद्ध केलेल्या अळ्यांनी भरते आणि त्यावर आपली पिल्लं वाढवते. कोळी हा कीटक नव्हे, पण कपाशीत त्याचं काम कोणत्याही कीटकापेक्षा कमी नाही.

या सगळ्यांना आपण मित्रकीटक म्हणतो. मला स्वतःला हा शब्द जरा भाबडा वाटतो. त्यांची आपल्याशी मैत्री नाही, त्यांना फक्त भूक आहे. आपल्या शेतात खायला मिळालं तर राहतील, नाही मिळालं तर शेजारच्या शेतात जातील. म्हणजे शेतात थोडा मावा राहू देणं भाग आहे. स्वच्छ, निर्मळ, एकही कीड नसलेलं शेत ही खरं तर धोक्याची स्थिती आहे, हे शेतकऱ्याला पटवणं सर्वांत अवघड जातं.

का धोक्याची, ते पाहू. कपाशीवरचा मावा अंडी घालत बसत नाही. मादी नराशिवायच जिवंत पिल्लं देते आणि ती पिल्लं आठवड्या-दीड आठवड्यात स्वतः आई होतात. ढालकिड्याला अंड्यापासून पूर्ण किडा व्हायला अडीच-तीन आठवडे लागतात. आता सर्व प्रकारच्या किडी मारणारं जहाल औषध फवारलं, तर मावा मेला आणि ढालकिडेही मेले. पानाच्या घडीत, खालच्या फांद्यांवर थोडा मावा वाचतोच. त्याला आता खाणारं कोणी नाही. पंधरवड्यात तो पहिल्यापेक्षा जास्त होतो. शेतकरी म्हणतो औषध डुप्लिकेट होतं. क्वचित ते असतंही, पण बहुतेक वेळा औषधाने त्याचं काम चोख केलेलं असतं. त्याने राखणदारही मारलेले असतात. १९८० च्या दशकाच्या मध्यात आंध्र प्रदेशात कपाशीवर सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांचा बेसुमार वापर झाला आणि तोवर दुय्यम समजली जाणारी पांढरी माशी तिथे मुख्य कीड होऊन बसली.

आणि किंमत फक्त पैशातच मोजायची नसते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढली होती, फवारा तोंडावर येत होता, आणि दोन-तीन औषधं एकत्र करून मारण्याची सवय सगळीकडे होती. ती सवय अजून गेलेली नाही. सोयगावातही फवारणारा हात बहुधा मजुराचा असतो, आणि कोणती औषधं एकत्र केली आहेत हे त्याला कोणी सांगत नाही.

कोणी विचारेल, हे किडे खरोखर एवढं काम करतात का? की हे नुसतं पुस्तकातलं? त्यासाठी लांब जायला नको, उसाची गोष्ट पाहू. २००२ च्या पावसाळ्यात सांगली भागात उसावर लोकरी मावा आला. पानाच्या मागे कापूस पिंजून लावावा तसा पांढरा थर. वर्षभरात महाराष्ट्र आणि कर्नाटकातलं लाखाहून अधिक हेक्टर क्षेत्र त्याने व्यापलं. आठ-दहा महिन्यांच्या उसात माणूस शिरू शकत नाही, मग फवारणार कसा? अनेकांनी तरीही फवारलं, भरपूर फवारलं आणि मावा पुन्हा आला.

त्याच उसात संशोधकांना एक हिरवट-तपकिरी अळी सापडली. ती पानावर रेशमाची जाळी विणून त्यात राहते आणि लोकरी मावा खाते. शास्त्रीय नाव डिफा. आपल्याकडच्या शेतकऱ्यांत ती कोनोबाथ्रा या नावानेच जास्त माहीत झाली. जोडीला मायक्रोमस नावाचा, क्रायसोपाचाच तपकिरी भाऊबंद म्हणावा असा कीटक होता. शेतकऱ्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की अळी म्हणजे शत्रू. इथे अळीच वाचवायची होती! कृषी विद्यापीठ आणि साखर कारखाने यांनी या कीटकांची पैदास करून ते गावोगाव वाटले. ईशान्य भारतातून एनकार्सिया नावाची एक सूक्ष्म गांधीलमाशीही आणून सोडली. पण मला विशेष वाटतं ते शेतकऱ्यांनी केलं त्याचं. ज्याच्या शेतात अळी दिसली त्याच्याकडून दुसऱ्याने अळी असलेली पानं कापून नेली आणि आपल्या उसाला बांधली. अट एकच, की फवारणी थांबवायची. तीन-चार वर्षांत लोकरी माव्याचा कणा मोडला. अधूनमधून तो आजही दिसतो, पण २००३ ची दहशत राहिलेली नाही.

कपाशीतही असंच एकदा झालं, तेही कोणी काही न आणता. २००६ नंतरच्या दोन-तीन वर्षांत पिठ्या ढेकणाने गुजरात, महाराष्ट्र, पंजाबातली कपाशी पांढरी करून सोडली. ही कीड परदेशातून आलेली. तिच्या मागोमाग एक बारीक गांधीलमाशीही आली असावी. २००८ च्या सुमारास ती आपल्याकडे सापडली. ती पिठ्या ढेकणाच्या पोटात अंडं घालते आणि ढेकूण तपकिरी फुग्यासारखा सुकतो. २००९ मध्ये तिचं नामकरण झालं तेव्हा राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राचे तत्कालीन संचालक डॉ. बंबावाले यांच्यावरून ‘एनासियस बंबावालेई’ हे नाव दिलं गेलं. पुढे ती अमेरिकेत आधीच नोंदलेली जात निघाली, म्हणून शास्त्रीय नाव बदललं. कीटकाला त्याचं काय! पिठ्या ढेकूण आज कपाशीत किरकोळ झाला आहे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर हा प्रचार होईल. गुलाबी बोंडअळीपुढे ढालकिडा फारसं काही करू शकत नाही. तिची अळी अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात पातीत किंवा बोंडात शिरते, वरून भोकही बुजतं. डोमकळी दिसते तेव्हा अळी आत आरामात असते. बीटी कपाशी २००२ मध्ये आली आणि काही वर्षं बोंडअळीचा विसर पडला. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्राला त्याची आठवण करून दिली. तिला गाठायचं तर अंड्यातच गाठावं लागतं. ते काम ट्रायकोग्रामा आणि तिच्या जवळच्या जाती करतात. ही गांधीलमाशी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते आणि ती किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालते. ट्रायकोकार्ड म्हणून जे मिळतं त्यावर धान्यातल्या एका पतंगाची साधारण वीस हजार अंडी चिकटवलेली असतात आणि त्या अंड्यांत ही माशी वाढत असते. कार्डाच्या पट्ट्या कापून संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचायच्या. कार्डावरची तारीख पाहून घ्यायची. माशा घरातच बाहेर पडल्या तर पैसे गेले. पात्या लागण्याच्या सुमारास सुरुवात करायची आणि कार्ड लावल्यावर आठ-दहा दिवस जहाल औषध मारायचं नाही. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडू लागले तर मात्र नुसत्या कार्डावर विसंबून राहू नये. आणि जानेवारीनंतर फरदड ठेवणाऱ्याने मित्रकीटकांकडून काही अपेक्षा करू नये. तो बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत पोसत असतो.

मक्यावरची लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकातून देशात पसरली. ती पोंग्यात लपते, अंड्यांच्या पुंजक्यावर केसांचं पांघरूण घालते, त्यामुळे ट्रायकोग्रामाला खालच्या थरापर्यंत पोचणं जड जातं. पण मक्याच्या पोंग्यात शेपटीला चिमटा असलेला एक तपकिरी किडा दिसतो. तो लष्करी अळीची अंडी आणि लहान अळ्या खातो. पोंग्यात त्याला पाहून "हाच मका खातोय" असा समज होतो आणि आधी बळी त्याचाच जातो.

मग करायचं काय? आठवड्यातून एकदा सकाळी शेतात तिरपं चालत वीस झाडं पाहायची, प्रत्येकाची वरचं, मधलं, खालचं अशी तीन पानं उलटायची. पानामागे सरासरी दहापर्यंत मावा, दोनपर्यंत तुडतुडे असतील तर पीक ते सोसतं. मित्रकीटकही मोजायचे. दोन किडींमागे एक मित्र, एवढं प्रमाण असेल तर पंप घरीच ठेवावा आणि चार दिवसांनी पुन्हा पाहावं. प्रमाण बिघडलं असेल तर पहिल्यांदा पाच टक्के निंबोळी अर्क. त्यानेही भागलं नाही तर कृषी विद्यापीठाने त्याच किडीसाठी सांगितलेलं एकच औषध, तेही मिसळ न करता. बाटलीवर ‘जैविक’ लिहिलं म्हणून ते मित्रकीटकांना निर्धोक असतं असंही नाही. आत काय आहे हे लेबलवर छापलेलं नसेल तर ती बाटली घेऊ नये.

झाडावर मुंगळ्यांची रांग चढताना दिसली तर जरा थांबून पाहावं. मुंगळ्यांना माव्याचा गोड चिकटा हवा असतो, म्हणून ते गुराख्याने गुरं राखावीत तसा मावा राखतात आणि ढालकिड्याला हुसकून लावतात. अशा ठिकाणी आधी वारूळ शोधावं.

आणि कपाशीच्या कडेने चवळीची एक ओळ टाकावी. चवळीवर मावा लवकर येतो, पण हा मावा कपाशीला फारसं छळत नाही. त्याच्यावर ढालकिडे पोसले जातात आणि कपाशीवर मावा येईपर्यंत फौज जागेवर तयार असते. फक्त एक काळजी घ्यायची. ऑगस्टमध्ये ती चवळी माव्याने काळी झालेली दिसली की घरातलं कोणीतरी हमखास पंप घेऊन तिकडे निघतं. त्याला पेरतानाच सांगून ठेवावं.