मारणारे आणि काढणाऱ्या

११ फेब्रुवारीला विज्ञानातील महिला आणि मुलींचा आंतरराष्ट्रीय दिवस येतो आणि प्रयोगशाळांतल्या स्त्रियांची टक्केवारी छापून येते. ती छापावीच. पण खुद्द विज्ञानाच्या नजरेतून कोणती बाई निसटते, हे पाहायचं तर सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळी कालावल किंवा कर्लीच्या खाडीवर जावं. मालवणी मुलखात पुरुष मासे ‘मारतात’, बायका तिसऱ्या (शिंपले) आणि कालवं ‘काढतात’. फरक एका क्रियापदाचा. पण ‘मासेमारी करता का?’ असं विचारलं, तर तीन तास चिखलात वाकलेली बाईही सहज ‘नाही’ म्हणेल. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था बंदरांवर उतरणाऱ्या मासळीचे नमुने घेऊन देशाचा अंदाज बांधते. पद्धत भक्कम आहे, पण ती होडीची वाट पाहते. डोक्यावर टोपली घेऊन घरी निघालेली बाई कुठल्याच बंदराला लागत नाही.

फिलिपिन्समध्ये संशोधक डॅनिका क्लायबर आणि सहकाऱ्यांनी ओहोटीत पायी फिरून शिंपले वेचणंही मासेमारीत धरलं. २०१४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा हिशेब असा: मासेमारी करणाऱ्यांत ४२ टक्के बायका, आणि एकूण पकडीतला सुमारे चौथा हिस्सा त्यांचा. समुद्र तोच होता, बायकाही त्याच. (नव्या दुर्बिणीच्या बातमीइतकाच मला हा शोध मोठा वाटतो.)

घरच्या कालवणापुरत्या तिसऱ्या मोजून काय मिळणार, असं कुणी म्हणेल. जगभरातल्या बायकांची पकड वर्षाला सुमारे २९ लाख टन असल्याचा अंदाज २०२० साली मांडला गेला. हे कालवण बरंच मोठं झालं. शिवाय तिसरी तळात रुतून, पाणी गाळून जगते. वाळूउपशाने तळ खरवडला की माशासारखं पळून जाणं तिला शक्य नसतं, त्यामुळे खाडीचं दुखणं तिच्यात लवकर दिसतं. बायकांचं सांगणं ऐकीव, हा दुसरा आक्षेप. पण ‘एका सुकतीत किती टोपल्या?’ हे तर मत्स्यशास्त्राचंच माप आहे: केलेल्या कष्टामागे मिळालेली पकड. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ गटाच्या बायका होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन समजावून सांगतात. खाडीकाठच्या अशा गटांना वजनकाटा आणि वही दिली, तर नोंदी का होणार नाहीत?

पाहणीला येणाऱ्यांनी एवढं करावं: भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून सुकतीला यावं, आणि ‘मासेमारी करता का?’ ऐवजी ‘आज काय काढलंत?’ असं विचारावं.