रंगभूमी कोणाच्या घामावर उभी आहे?

मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना आपण नटांची व नाटककारांची नावे घेतो. ते योग्यच आहे. पण आम्ही कामगार चळवळीत वाढलेली माणसे. कोणतीही वस्तू पाहिली की ती केली कोणी, पैसे दिले कोणी आणि करणाऱ्याच्या पदरात काय पडले, हे आम्ही आधी विचारतो. नाटकालाही तेच विचारून पाहू.

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवर' केले, ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. राजा खर्च देई म्हणून खेळ होई. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले, आश्रय आटला, आणि मंडळी गावोगाव निघाली. १८५३ साली मुंबईस भाव्यांनी तिकीट लावून खेळ केले. हा बदल लहान नव्हे. नाटकाचा धनी आता राजा राहिला नाही. तिकीट घेणारा झाला. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्यात आले, आणि पुढे संगीत मंडळ्यांची भरभराट झाली ती याच पैशावर.

परंतु ज्याच्या खिशात तिकिटाचा पैसा नाही, त्याचे काय? जोतीराव फुल्यांनी १८५५ सालीच 'तृतीय रत्न' या नाटकात नाडलेले शेतकरी कुटुंब उभे केले होते. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले. छापून यावयास १९७९ साल उजाडले.

अखेर कष्टकऱ्यांनी आपली जागा आपणच केली. ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. १९२० मध्ये आयटकच्या उभारणीतही तेच पुढे होते. लीगच्या परळच्या दामोदर हॉलने गिरणगावाला रंगमंच दिला. पाळी भरून आलेला कामगार रात्री तोंडाला रंग लावू लागला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख व गवाणकर यांनी लाल बावटा कलापथकातून तमाशाच्या बाजातच संपाची व भाकरीची गोष्ट सांगितली.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. नाटकाला तीन गोष्टी लागतात: पोटाची शाश्वती, मोकळी संध्याकाळ आणि उभे राहण्यास जागा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, तेव्हा नट आणि प्रेक्षक दोघेही एकदमच उठले. त्या मोडलेल्या घरांची कथा जयंत पवारांनी १९९७ मध्ये 'अधांतर' नाटकात मांडली. दामोदर हॉलही २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झाला.

आता आपल्या केंदूरकडे पाहू. सणसवाडी-रांजणगावच्या कारखान्यांत आपली पोरे तीन पाळ्यांत, पुष्कळशी ठेक्यावर, राबतात. त्यांची संध्याकाळ त्यांची नाही; मग गावात तालीम बसावी कशी? आपली खरी रंगभूमी म्हणजे यात्रेतला तमाशा. शेजारच्या जुन्नर तालुक्यात नारायणगावी फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी तेथे जाऊन सुपारी ठरवतात. विठाबाई भाऊ मांग यांच्यासारखी कलावती याच नारायणगावची. फडमालक कर्ज काढून कलावंतांना उचल देतो, आणि उचल फेडता फेडता हंगाम सरतो. २०२० व २०२१ मध्ये करोनाने यात्रा बंद पडल्या, तेव्हा या माणसांना ना पगार होता, ना फंड, ना रजा. नाचणारी, ढोलकीवाला, तंबू ठोकणारा, गाडी हाकणारा हे सारे कामगारच. पण हजेरीपटावर नाव नसलेले.

राजाश्रय गेला, गिरणगाव गेले. यात्रा कमिटी मात्र आपल्याच हातात आहे. सुपारी ठरवताना घासाघीस करण्याआधी इतके पाहावे: ठरलेली रक्कम खेळाच्या रात्रीच पुरी हाती पडेल काय? बायांना कपडे बदलावयास आडोसा, प्यावयास पाणी व निजावयास जागा आहे काय? मंचावर हुल्लड करणाऱ्यास गाव आवरील काय? यास फारसा पैसा लागत नाही. कलेचा अभिमान आपणांस आहेच; कलावंताच्या मजुरीचा हिशेब चोख ठेवला, तर तो अभिमान खरा.