शस्त्र आणि कमरपट्टा

कमरेच्या पट्ट्याकडे पाहण्याची सर्वसाधारण दृष्टि वेषभूषेची असते. पाटलोण सावरून धरणें, एवढेंच त्याचें काम मानलें जातें. परंतु ज्या गृहस्थाला परवाना घेऊन पिस्तूल बाळगावें लागतें, त्याच्या बाबतींत हाच पट्टा सुरक्षिततेचें साधन ठरतो. आणि ती सुरक्षितता त्याच्या एकट्याची नसून शेजारून जाणाऱ्या प्रत्येकाची असते.

ठाण्याजवळच्या माजिवडा नाक्याचें उदाहरण घ्यावें. मुंबई-नाशिक हमरस्ता व घोडबंदर रस्ता येथें एकमेकांना मिळतात आणि सकाळ-सायंकाळ मोठी दाटी होते. अशा दाटींत एखादा परवानाधारक सराफ पडलेलें पाकीट उचलण्यासाठीं वाकला आणि सैल पट्ट्यावरून त्याचें शस्त्र निसटलें, तर त्याचा हात आपोआप तें झेलावयास धांवेल. धोका आहे तो नेमका येथेंच. कारण झेलतांना बोट चापावर पडण्याचा संभव असतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालीं मिळणारा परवाना बाळगण्याचा अधिकार देतो. शस्त्र जागच्या जागीं ठेवण्याची जबाबदारी मात्र धारकाचीच राहते.

कानपूरच्या सरकारी कारखान्यानें २०१४ सालीं काढलेलें ‘निर्भीक’ हें हलकें रिव्हॉल्व्हर सुमारें ५०० ग्रॅम वजनाचें आहे. त्यांत गोळ्या व होल्स्टर यांची भर पडते, आणि हा सर्व भार कमरेच्या एकाच बाजूस दिवसभर लोंबतो. पट्टा मऊ असल्यास त्याची वरची कड बाहेर कलते, शस्त्राची मूठ अंगापासून सुटते आणि सदऱ्याखालून तिचा आकार दिसूं लागतो. मग मनुष्य वारंवार हात लावून तें सावरतो, आणि जें झांकावयाचें तेंच चारचौघांना दाखवितो.

शोभेचे पुष्कळ पट्टे म्हणजे पातळ चामड्याच्या दोन पदरांत भरलेला पुठ्ठा होय. ते या कामीं टिकत नाहींत. म्हशीचें जाड चामडें चिवट असतें. कोल्हापुरी वहाणांसाठीं बाभळीची साल व हिरडा वापरून चामडें कमावतात. त्या पद्धतीचें चामडें ताठही राहतें. पट्टा दोन्ही हातांनीं धरून पिळून पाहावा. सहज पिळला गेला तर तो घेऊं नये. रुंदी सुमारें दीड इंच असावी आणि होल्स्टरची पकड त्या रुंदीला नेमकी बसावी. बक्कल नुसतें चिमटलेलें नसून शिवणीनें किंवा स्क्रूनें घट्ट बसविलेलें असावें. माप घेतांना रिकामें होल्स्टर कमरेला लावूनच घ्यावें; होल्स्टर पाटलोणीच्या आंत असल्यास घेर एक-दोन इंचांनीं वाढतो.

कोंकणच्या पावसाळ्यांत भिजलेला पट्टा उन्हांत अथवा विस्तवाजवळ न ठेवतां सावलींत वाळवावा, नाहींतर चामडें तडकतें. ज्यांना हा व्याप नको, त्यांनीं आंत ताठ पट्टी घातलेला नायलॉनचा पट्टा घेण्यास हरकत नाहीं. महिन्यांतून एकदां भोकें लांबलीं आहेत काय, शिवण उसवली आहे काय, हें पाहावें. तसें दिसल्यास त्या दिवसापासून तो पट्टा केवळ पाटलोणीसाठीं ठेवावा व शस्त्रासाठीं दुसरा आणावा.