नवा अ‍ॅम्प्लिफायर लावण्यापूर्वी वायर तपासा

भंडारा : घरात नवा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आला, की सर्वांचे लक्ष आवाजाकडे असते, वायरकडे सहसा कोणी पाहत नाही. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी लागलेल्या आगीत १० नवजात बालके दगावली. चौकशीत विद्युत बिघाडाचे कारण पुढे आले होते. तेव्हा येथे तरी ही बेफिकिरी नको.

घरगुती वीज २३० व्होल्टची असते. त्यावर ४६० वॉट वीज घेणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमधून सुमारे २ अँपिअर प्रवाह वाहतो. त्यासाठी ०.७५ चौरस मिलिमीटरची, आयएसआय चिन्हांकित तांब्याची वायर व ६ अँपिअरचा प्लग पुरेसा आहे. महागड्या वायरीने आवाज सुधारतो, हा दावा कानापेक्षा खिशालाच अधिक जाणवतो!

तीन पिनांच्या प्लगमधील अर्थिंगची पिन मुद्दाम लांब ठेवलेली असते; ती इतर दोन पिनांच्या आधी जोडली जाते. ती तोडून दोन पिनांवर काम भागविल्यास बिघाडाच्या वेळी धातूच्या पेटीत वीज उतरू शकते. मूळचीच दोन पिनांची, दुहेरी आवरणाची उपकरणे मात्र निराळी.

चाचणी घेताना स्पीकर आधी जोडावेत, आवाज शून्यावर ठेवावा आणि मगच बटण दाबावे. अर्ध्या तासाने वीज बंद करून प्लग चाचपावा. तो गरम लागल्यास सॉकेट सैल असण्याची शक्यता असते. ते वायरमनकडून बदलून घ्यावे.