इंग्रजीला रजा देणारं मिशन

नागापूर म्हटलं की नगरकरांच्या डोळ्यांसमोर एमआयडीसी येते. मनमाड रस्त्यावरच्या या भागात नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या पोराचा बायोडाटा इंग्रजीत असतो आणि त्याच्या पोटातला गोळाही बहुतेक इंग्रजीचाच असतो. ही भाषा मिशनऱ्यांनी आणली, इंग्रजीचं आमिष दाखवून धर्म दिला, असं समीकरण सहज मांडलं जातं. 2024 पासून अहिल्यानगर झालेल्या या शहराचा दोनशे वर्षांचा हिशेब मात्र त्यात बसत नाही. इथल्या मिशनने इंग्रजीला एकदा चक्क रजा दिली होती.

अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. त्यांनी पहिला भर दिला तो मराठी शिकण्यावर. 1826 मध्ये नव्या कराराचं मराठी भाषांतर छापून झालं, त्याच्या दोन वर्षं आधी मुंबईत मुलींची शाळाही निघाली होती. नगरला मिशनचं ठाणं पडलं 1831 मध्ये. त्याच वर्षी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. नव्याने आलेल्या पाद्र्याला आधी शिष्य व्हावं लागे, आणि पंतोजी असे इथला मराठी पंडित. पुढे 1842 मध्ये नगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागलं, तेही मराठीतच.

या काळातलं सगळ्यात ठसठशीत नाव सिंथिया फरार यांचं. अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठवलेल्या सुरुवातीच्या अविवाहित स्त्रियांपैकी या एक. 1827 च्या अखेरीस त्या मुंबईला आल्या, 1839 मध्ये नगरला गेल्या आणि 1862 मध्ये तिथेच वारल्या. फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहूनच जोतीराव फुल्यांनी 1848 मध्ये पुण्यात शाळा काढण्याचा निश्चय केला. नगरच्या जज्जाच्या कचेरीत असलेले त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यामुळे ही भेट घडली. सावित्रीबाईंचं अध्यापनाचं शिक्षणही फरारबाईंच्या हाताखाली झालं. म्हणजे नगरच्या मिशनची महाराष्ट्राला सर्वांत दूरवर पोचलेली देणगी ही मुलींच्या अक्षरओळखीची होती.

इंग्रजीचा वाद तोवर सगळ्या देशात पेटला होता. कलकत्त्यात अलेक्झांडर डफ यांनी 1830 मध्ये इंग्रजी माध्यमाची शाळा काढली होती. उच्चवर्णीय मुलं इंग्रजीसाठी येतील, पाश्चात्त्य विद्या शिकतील आणि जुन्या श्रद्धा आपोआप ढिल्या पडतील, असा त्यांचा अंदाज. मुंबईत जॉन विल्सन साधारण त्याच वाटेने गेले. खुद्द जोतीरावही पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेतच इंग्रजी शिकले. मुलं आली खरी, पण बहुतेकांनी इंग्रजी उचलली आणि धर्म तिथेच ठेवला.

अमेरिकन बोर्डाचे परराष्ट्र सचिव रूफस अँडरसन यांना हे खटकत होतं. 1854 च्या अखेरीस ते हिंदुस्थानात आले. इंग्रजी शिकलेला तरुण सरकारी कचेरीत जातो, गावाला परका होतो आणि मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, काही कामाचा उरत नाही, असं त्यांचं निदान होतं. त्यांना हवी होती आपल्या पायांवर उभी असलेली देशी मंडळी: स्वतःचा कारभार पाहणारी, स्वतःचा खर्च भागवणारी, स्वतःच प्रचार करणारी. त्यासाठी मराठी बोलणारा गावचा उपदेशक पुरे. मुंबईतली मिशनची इंग्रजी शाळा बंद झाली. नगरच्या शिक्षणाचा रोख मराठीकडे वळला. श्रीलंकेतल्या जाफन्यात याच बोर्डाचं वट्टुकोट्टईचं नावाजलेलं विद्यालय 1855 मध्ये मिटलं.

त्याच 1854 मध्ये पुण्यात सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. नगरच्या मिशनरी बाईच्या या विद्यार्थिनीने त्यात शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचं आवाहन केलं आहे. बोस्टनहून आलेल्या सचिवाला इंग्रजी माणसाला समाजापासून तोडणारी वाटत होती. सावित्रीबाईंना तीच भाषा जातीच्या तुरुंगाची किल्ली दिसत होती.

मराठीच्या बाजूने झालेला फायदा नाकारता येत नाही. 1860 च्या दशकात कृष्णराव रत्नोजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पायंडा पाडला. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याला सॅम्युएल फेअरबँक खेड्यापाड्यांत मुरले. रॉबर्ट ह्यूम यांनी 1878 मध्ये नगरला ईश्वरविज्ञानाचं विद्यालय उभारलं, आणि पुढे तिथेच शिकवणारे नारायण वामन टिळक अभंगांतून ख्रिस्त गाऊ लागले.

पण मॅट्रिकचा दरवाजा इंग्रजीनेच उघडत होता. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ आलं, अनुदानाची पद्धत रुळली. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेली बहुसंख्य कुटुंबं महार-मांग वस्त्यांतली. गावकीच्या कामातून पोरगं सुटायचं तर मास्तरकी, कारकुनी, दवाखाना या वाटा होत्या, आणि त्या हायस्कुलातून जात. मंडळीतल्या आईबापांचा रेटा वाढत गेला. 1880 च्या दशकात मिशनचं हायस्कूल उभं राहिलं आणि रजेवर गेलेली इंग्रजी शिकणाऱ्यांच्या मागणीवरून कामावर रुजू झाली. देश स्वतंत्र होत होता त्या 1947 मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज स्थापन केलं. या वेळी पुढाकार मराठी ख्रिस्ती माणसाचा होता, आणि बाकांवर सर्व जातिधर्मांची मुलं होती.

जगात दुसरीकडे ही गोष्ट उलट्या क्रमाने घडली. चीनमध्ये परदेशी धर्मप्रचारकाला मज्जाव, पण 1980 च्या सुमारास इंग्रजी शिकवणाऱ्याचं स्वागत होतं. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल संस्थांनी ती फट हेरली आणि पदवीधर तरुण शिक्षक म्हणून पाठवले. वर्गात व्याकरण आणि संध्याकाळी बायबल, हे विद्यार्थ्याला आधी सांगितलं होतं का, असा प्रश्न ज्युलियन एज यांनी 2003 मध्ये इंग्रजी अध्यापनाच्या व्यासपीठावर रोखठोक विचारला. त्यावर झडलेल्या वादातून 2009 मध्ये दोन्ही बाजूंचं संवादरूप पुस्तक निघालं. त्याचे एक संपादक सुरेश कनगराजा जाफन्याचे, म्हणजे अँडरसन यांनी जिथलं विद्यालय मिटवलं त्याच मुलखातले.

महाराष्ट्रात इंग्रजीचा प्रश्न एव्हाना मिशनच्या हातून सुटून सरकारच्या हाती गेला होता. 2000 च्या जूनपासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. बहुजनांच्या पोरांना तिच्यासाठी पाचवीपर्यंत का थांबवायचं, असं समर्थक विचारत होते. कोवळ्या वयात परकी भाषा लादू नका, असं विरोधक बजावत होते. नगरच्या पोरांसाठी हेच दोन पक्ष दीडशे वर्षांपूर्वी भांडले होते. फरक एवढाच की या खेपेला दोन्हीकडचे वक्ते मराठी होते, आणि धर्माचं नाव कुणी काढलं नाही.